लोडशेडिंगमधली चेटकीण

चेटकीण चिमाबाई मी बनवली. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्या शेठच्या बंद पंख्याखाली बसून ती बनवली त्यालाही नाही. एकाच बाईला सांगावं लागलं नाही, कारण तिनं ते स्वतःच शोधून काढलं. हे सगळं तिच्यामुळंच लिहायला घेतलं आहे.

गेले काही दिवस आमच्याकडे ऐन दुपारी वीज जाते. इन्व्हर्टर थोडा वेळ कण्हतो आणि तोही मान टाकतो. आतल्या खोलीत माझी नात रडायला लागते. मुलगी बाळंतपणाला आली आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळे एकमेकांवर खेकसतात, आणि मी खिडकीत जाऊन उभा राहतो. वीज गेल्याची बातमी मला डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळते. भिवंडीच्या निजामपुऱ्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, खडखडाट ऐकू येत नाही. तो थांबलेला मात्र ऐकू येतो. एक लूम थांबतो, मग शेजारचा, मग गल्ली, आणि मग कुठल्यातरी माडीवरून कुणीतरी वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. आता लूम कमी झाले, शिव्याही कमी झाल्या. पण ती थांबण्याची घडी तशीच आहे. ती आली की माझ्या नाकात सुताची धूळ शिरते आणि मला लिहावंसं वाटतं, आणि लिहावंसं वाटलं की लगेच स्वतःचा राग येतो.

त्या काळात लोडशेडिंग हा आमच्याकडचा एक ऋतूच होता, कॅलेंडरात छापत नसत एवढंच. मी एका कारखान्यात मेहता होतो. म्हणजे कारागिरांची हजेरी, ताग्यांचा हिशेब आणि शेठचे फोन. वीज गेली की यातलं काहीच उरायचं नाही. फोनवर शेठ विचारायचे, "लाईट आली का?" मी म्हणायचो, "नाही." थोड्या वेळानं पुन्हा तेच. जणू मीच ती खिशात घालून बसलो होतो. कारागीर बनियनवर दारात बसायचे, पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे. वीज नाही तर कापड नाही, कापड नाही तर मजुरी नाही, आणि या सगळ्यावर बोलून काही उपयोग नाही हे बोलण्यात दुपार जायची.

अशाच एका दुपारी नाना आले. नाना गावात एक खासगी वाचनालय चालवत आणि खिशात मावतील अशा रहस्यकथा छापून एसटी स्टँडवरच्या स्टॉलांना देत. माझ्या दोनचार गोष्टी त्यांनी आधी टोपणनावानं छापल्या होत्या.

"विलासराव, हवालदार झाले, गुप्तहेर झाले, वकील झाले. आता काहीतरी गमतीचं द्या. भूत-चेटूक चालेल. पण घाबरवू नका. बायका दुपारी वाचतात, घरात एकट्या असतात."

"चेटूक हवं पण भीती नको?"

"हां. आंबट आवळा, पण गोड."

असल्या माणसाला काय सांगायचं. मी वैतागून बसलो, आणि वैतागातच मला माझी आत्या आठवली.

चांगुणाआत्या, वडिलांची धाकटी बहीण. अंबाडीच्या पुढं तिचं गाव. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि तरीही त्या गावातल्या एका अख्ख्या पिढीची पहिली अंघोळ तिच्या पायांवर झाली होती. घरात पोर जन्मलं की सांगावा जायचा, आणि आत्या तेलाची वाटी घेऊन निघायची. बारा महिने काखेत काळी छत्री. मागं एका डोळ्यानं आंधळा बोका. वाटेत भेटेल त्याला 'मुडद्या', मग तो सरपंच असो की मास्तर. पाटावर बसून पाय लांब करायची, पोराला पायांवर घ्यायची, आणि मग कुणी जवळ नसताना, पाणी ओतता ओतता, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची.

ती काय पुटपुटते हे मला माहीत होतं. माझी मुलगी अश्विनी जन्मली तेव्हा सासूबाई आजारी होत्या, म्हणून आत्या भिवंडीला येऊन राहिली. पाणी तापवून मोरीच्या दाराशी न्यायचं काम माझ्यावर आलं. एरवी त्या वेळी बाप्या माणूस तिथं फिरकत नाही. मी बादली घेऊन उभा, आणि आत आत्या बोटभर पोरीला सांगतेय, "ह्यो पान्यावाला तुझा बापूस. तोंडाचा घुम्या हाय, पन मनाचा वाईट न्हाय. तुझी आय रातभर जागलीय, तिला जरा निजू दे. शेजारीन लय बोलतंय, तिचा काय मनावर घेव नको." नव्या पाहुणीला ती घराची माहिती देत होती. तेवढंच तिचं चेटूक.

मी त्याचं काय केलं पाहा. माझी चेटकीण चिमाबाई काळ्या छत्रीवर बसून खाडी ओलांडते. पाऊस आला की तिची पंचाईत होते, कारण छत्री उघडली तर बसायचं कशावर. तिच्या मागं एकाक्ष बोका. ती चोऱ्या शोधते. कशा? तान्ह्या बाळांना न्हाऊ घालते आणि त्यांना विचारते. बाळासमोर कुणी तोंड सांभाळत नाही. घरातली सगळी लबाडी बाळाला ठाऊक असते. चिमाबाई कानात मंत्र पुटपुटते आणि बाळ तिला देवळातली घंटा कुणी उचलली ते सांगून टाकतं. कल्पना मला इतकी आवडली की लिहिताना मी एकटाच हसत होतो. शेठच्या खुर्चीत, घामानं चिकटलेल्या कागदावर.

आमचा फिटर रफीकभाई समोर येऊन बसायचा. "मेहताजी, अकेले-अकेले क्या हँस रहे हो?" मी म्हणायचो, वाचनालयातलं एक पुस्तक उतरवून घेतोय. मग त्याला रोज थोडंथोडं हिंदीतून सांगायचं. दारातले कारागीर सरकत सरकत जवळ यायचे.

"हमारे गाँव की चुड़ैल तो खाली डराती है," रफीकभाई म्हणायचा, "ये तो ड्युटी करती है."

"और बच्चा बोला क्या?" कुणीतरी विचारायचं.

"कल," मी म्हणायचो. वीज आली की सगळे लूमकडे पळायचे, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत वीज आली की मला चीड यायची.

"लिखनेवाले का दिमाग देखो," रफीकभाई एकदा म्हणाला. मी खाली बघून हजेरी तपासल्यासारखं केलं. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि ते मला उघडपणे घेता येत नव्हतं.

नानांनी वर 'मंदाकिनी' असं नाव टाकलं. बायकांना बाईचं नाव बरं वाटतं, म्हणाले. पुस्तक अंबाडी नाक्यावरच्या स्टॉलवरून आत्याच्या गावात पोचलं. गावातही दुपारी वीज नाही, टीव्ही बंद, मालिका बुडालेल्या. सरपंचाची सून शिकलेली. तिनं ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं. छत्री आली, बोका आला, 'मुडद्या' आला, आणि ओट्यावर हसून हसून लोळायची पाळी आली. आमची आत्या छापून आली, म्हणून गावाला मोठी ऐट. आत्याही हसली. पुन्हा वाचायला लावलं तिनं.

मग लोक तिच्याकडे चोऱ्या घेऊन यायला लागले. गंमत म्हणून आधी, नंतर गमतीशिवाय. बकरी हरवली, ये आत्या. पंपाची वायर कापून नेली, बघ आत्या. आणि तिचं दुर्दैव असं की तिला बहुतेकदा सापडायचं. गावात घरोघर गेलेली बाई, कुणाची बकरी कुणाच्या पाल्यावर टपलेली असते हे तिला नाही तर कुणाला कळणार. एकाचा नवाकोरा मोबाईल हरवला. त्यानं तिच्या अंगणात येऊन हात जोडले. ती म्हणाली, "मुडद्या, दुसऱ्याच्या मोबाईलवरनं मिसकॉल मार की." मारला. पेंढ्याच्या गंजीतून गाणं वाजायला लागलं. गावानं तोंडात बोटं घातली. चिमाबाईनं पेंढ्याला बोलतं केलं, असं पार अंबाडीपर्यंत झालं.

हे सगळं मला आत्यानंच सांगितलं, कारखान्यात येऊन. वीज गेलेली, लूम मुके, ती सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बीमवर टेकलेली, छत्री मांडीवर आडवी. मोबाईलचं सांगताना इतकी कावली होती की मला हसू आवरेना. "हसतोस काय?" म्हणाली, आणि टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक तिनं माझ्यासमोर आपटलं.

"हे कंच्या मुडद्यानं लिवलंय?"

"वर नाव आहे की. मंदाकिनी."

"मग शोध तिला. तू शिकलेला, भिवंडीत चार लोकांना वलखतोस."

"कशाला पण, आत्या? गमतीचं पुस्तक आहे."

तिनं छत्री मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या बाजूच्या घरात पोर झाला."

एवढंच. मग बाकीचं तुटक तुटक आलं. तिनं नेहमीसारखी तेलाची वाटी काढून ठेवली होती. सांगावा आला नाही. तिला वाटलं, विसरले असतील. पाचवीला बाया जमल्या, तिला कुणी बोलावलं नाही. मग आपणच गेली. पोराची आजी दारात आडवी उभी राहिली. "आत्या, पोराला कसर हाय, आज अंघोल न्हाय घालत." आणि तिच्या मागं, आतून, पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"घरात जमिनीची बोलनी चाललीत," आत्या म्हणाली. "गोडाऊनवाल्याला द्यायची का न्हाय. भावाभावांत वाकडा हाय. पोर आयकंल नि मना सांगंल म्हनं."

मी म्हणालो, "हे काय बोलणं झालं? माणसं काय वेडी आहेत?"

"पुस्तकात हाय," आत्या म्हणाली.

मला त्या गावाचा असा संताप आला. हसायची गोष्ट हसून सोडून देता येऊ नये? छत्रीवर बसून कुणी उडत नाही हे कळतं, मग तान्हं पोर चहाडी करत नाही हे का कळू नये? तो संताप मी कितीतरी दिवस जपला. तो जपायला सोपा होता, कारण तो दुसऱ्यांवर होता. त्या दुपारी एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "बघतो गं, चौकशी करतो."

आता जे खरं सांगायचं आहे ते हे. पहिलं पुस्तक मी न कळून लिहिलं, असं म्हणता येईल. दुसरं मी हे सगळं ऐकल्यावर लिहिलं. नाना आले, पहिल्या प्रती संपल्या म्हणाले, "बाळांचा भाग वाढवा, बायकांना तोच आवडतो." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "बरं, राहिलं." आणि उठले. त्यांचं उठणं मला सहन झालं नाही. लोडशेडिंग चालूच होतं, रफीकभाई "उस चुड़ैल का दूसरा पार्ट आया क्या" म्हणून रोज डोकं खात होता, आणि मला त्या दुपारी नुसता हजेरी मांडणारा माणूस म्हणून काढवत नव्हत्या. मी बाळांचा भाग वाढवला. मोबाईलची गोष्टही घातली, पेंढ्यासकट.

त्यानंतर आत्याला घराबाहेरचंच आमंत्रण उरलं. बकरीसाठी बोलावतील, बाळासाठी नाही. आधी म्हणायचे घरातलं बाहेर जाईल. मग कुणाचं पोर तापानं फणफणलं तेव्हा नजर म्हणाले. आणि मग एकदा तो जुना शब्द आलाच, आमच्याकडे जो बोलताना आवाज खाली घेतात. भुताळी. चेटकीण हा शब्द मी पुस्तकातून घेतला होता, त्याला काही वास नव्हता. भुताळी गावातला शब्द आहे. या शब्दानं आमच्या भागात बायांची घरं उठलेली आहेत. आत्याचं घर उठलं नाही. तिला कुणी दगड मारला नाही. फक्त तिच्या पायांवर पोर ठेवायचं बंद झालं.

ती मात्र अंबाडीच्या बाजाराला आली की भिवंडीची गाडी पकडायची. "गावली का रं ती?"

"नाही गं."

एकदा म्हणाली, "ती बाई न्हाय."

मी पाणी पीत होतो. "कोण?"

"लिवनारी. बाप्या हाय तो. पोराला धुरी आधी दिलीय नि अंघोल मागनं. अशी बाई करंल का? ओवा-वावडिंगाचा धूर अंघोलीच्या मागनं असतो, सगल्या जगाला ठावं."

मी तेव्हा बादली देऊन ड्युटीला पळायचो. जाताना पेटलेली शेगडी दिसायची, म्हणून वाटलं धुरी आधी. चिमाबाईनं दोन पुस्तकांत मिळून इतके चोर पकडले, पण इतका सरळ तपास मला एकदाही लिहिता आला नव्हता.

"असेल कुणी," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली, आणि छत्री उचलून गाडीला गेली.

पुढच्या थंडीत तिचे गुडघे धरले. मी तिला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. सकाळची वेळ, पाण्यावर वाफ, गंधकाचा तो उकडलेल्या अंड्यासारखा वास. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय कढत पाण्यात सोडले. किती पोरं त्या पायांवर रडून गप्प झाली होती. आता नुसतेच पाण्यात होते. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बरं वाटतंय का?"

"इलास," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मोरीच्या दाराशी एकच बाप्या उभा राहिलाय माझ्या जल्मात. त्याच्या हातात बादली व्हती."

ती ओंजळीनं गुडघ्यांवर पाणी घेत राहिली.

"मोबाईलवरनं कशी कावले ता मी तुलाच सांगितला. दुसऱ्या पुस्तकात जशीच्या तशी कावले."

कुंडात एक म्हातारा तांब्यानं डोक्यावर पाणी घेत होता. मला आठवतं, मी त्याच्या तांब्याकडे बघत राहिलो.

"आत्या, मी..."

"मना नको सांगू. मना ठावं हाय, मना सांगून काय व्हनार?" तिच्या आवाजात रडणं नव्हतं, वैताग होता. पोर अंघोळीत हातपाय झाडायला लागलं की असायचा तसा. "लिवलास त्याचा राग न्हाय. हसले मी पन. माझ्यासंगती शोधत बसलास, त्याचा राग हाय. मी दर बाजाराला गाडीचे धक्के खात येते, नि तू म्हनतोस, न्हाय गं."

थोड्या वेळानं म्हणाली, "पाचवीला बाया जमतात नं, तवा ये. बायांच्या समोर सांग. ही चेटकीन मी बनवली, आत्या तशी न्हाय. एवढाच सांग."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. येताना तिनं मला अंबाडीला वडापाव खायला घातला, जसं काही प्रकरण मिटलं. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. मीच गेलो नाही. एका पाचवीला जायला निघालो होतो, पण शेठनं अडवलं. दुसरीला कुणी अडवलं नाही, तरी गेलो नाही. बायांच्या खोलीत पुरुषानं उभं राहून काय बोलायचं, असं स्वतःला समजावलं. मग नाना गेले, वाचनालय गेलं, तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं. पुस्तकाची एक प्रत कुठं मिळणार नाही. पण गावातल्या ज्या बायांनी ते पाहिलेलंही नाही, त्या आपल्या सुनांना सांगतात, तिच्या समोरून पोर नेऊ नको. पुस्तक संपलं, वाचणं चालू आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या नातीची पाचवी झाली. व्याह्यांकडच्या बाया येणार होत्या, आत्याच्या गावातल्याही काही. अश्विनी म्हणाली, "पप्पा, चांगुणाआजीला बोलवू या ना. मला न्हाऊ घातलं तिनंच."

सुनंदानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. "आता ऐंशीच्या घरात आहेत त्या. आणि व्याह्यांकडच्या काय म्हणतील? तुम्हाला ठाऊक आहे ना, लोक काय बोलतात ते."

मला ठाऊक आहे ना. मी म्हणालो, "तू बघ."

संध्याकाळी खोली बायांनी भरली. सुईण नाही आता; अंघोळीला एका संस्थेची बाई येते, ती फोनवर झऱ्याचा आवाज लावते आणि हातमोजे घालते. कुणाचं काही चुकत नाही. पाटावर पूजा मांडली होती, आणि तेवढ्यात वीज गेली. सगळ्या एकदम गप्प झाल्या. बाहेर होते तेवढे लूम थांबले. अशी शांतता मला कुणी आयती दिली नव्हती. मी दारात उभा होतो, बादलीशिवाय. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, घरातला पुरुष काहीतरी बोलेल म्हणून.

मी म्हणालो, "इन्व्हर्टर चालू होईल आत्ता."

झाला. आणि बाया पुन्हा बोलायला लागल्या.

तेव्हापासून दुपारी वीज गेली की मी हे लिहितो आहे. या खेपेला खाली माझंच नाव टाकणार आहे, मंदाकिनीचं नाही. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. आत्याला वाचता येत नाही, आणि त्या बाया असलं वाचत नाहीत. आजही मी खुर्चीत बसून कागदावरच बोलतो आहे, आणि आत्या गावात दारात बसून समोरून जाणाऱ्या सुनांना पोरांची तोंडं पदरानं झाकताना बघते आहे.

बायांनी भरलेल्या खोलीत उभं राहून 'ही चेटकीण मी बनवली, आत्या तशी नाही' एवढं तोंडानं म्हणणं, आणि मग माझी नात तिच्या पायांवर ठेवणं, हे मी तिचं देणं लागतो. ते लिहून फिटणारं नाही. सगळं झालं ते लिहूनच.